पेठांमधले कपडे शिवण्याचे कारखाने पुण्यातच टिकवावेत का?

धागालेखक:
गणेशोत्सवाच्या तोंडावर आमच्या ढोल-ताशा पथकात नवे वादक येतात आणि दरवर्षी चाळीस-पन्नास कुर्ते कमी पडतात. आजवर रविवार पेठेतून तागा घ्यायचा, जवळच्या एका वाड्यातल्या कारखान्यात कटिंग मास्तरांना मापांची यादी द्यायची आणि आठवड्याभरात इस्त्री केलेले कुर्ते आणायचे, असा क्रम होता. यंदा वाडा पुनर्विकासाला गेला आणि कारखाना शहराबाहेर हलला. चार महिन्यांतच शेजारच्या गल्लीतले काजबटणाचे दुकानही बंद झाले, कारण त्याचे निम्मे काम याच कारखान्यातून येत असे. शिलाई एकाकडे, कापडाच्या कडा बांधणारे ओव्हरलॉक दुसऱ्याकडे, काजबटण तिसऱ्याकडे, अशी ही साखळी चालत्या अंतरावरच जगते. तमिळनाडूतल्या तिरुपूरचा मोठा कपडे कारखाना पन्नास नगांसाठी यंत्र लावणार नाही. म्हणून पुनर्विकासात अशा कारागिरांसाठी गाळे राखून ठेवावेत, असे माझे ठाम मत आहे.

प्रतिसाद १:
आपली तळमळ समजते, पण उपाय पटत नाही. न्यूयॉर्कने 1987 मध्ये मॅनहॅटनच्या गारमेंट डिस्ट्रिक्टसाठी नेमका असाच नियम केला होता: इमारतीतली जागा कार्यालयांना द्यायची असेल, तर तेवढीच जागा उत्पादनासाठी राखायची. तरीही शिवणकाम घटतच गेले आणि 2018 मध्ये ती अट काढून टाकण्यात आली. सोलापुरात गणवेश शिवण्याचा उद्योग जोमाने उभा आहे आणि तिथून रात्री निघालेले गठ्ठे सकाळी पुण्यात पोहोचतात. मग मध्यवस्तीतली इतकी महाग जागा शिलाई यंत्रांसाठी का अडवायची? शिवाय अरुंद जिना, कापडाचे ढीग आणि जुनी वायरिंग एकत्र आली की आग लागायला वेळ लागत नाही. मार्च 2021 मध्ये कॅम्पातल्या फॅशन स्ट्रीटवर काय झाले, ते आपण सर्वांनी पाहिले आहे.

प्रतिसाद २:
मी पंधरा वर्षे जॉबवर्क करते, म्हणून लिहिते. सोलापूरचा गठ्ठा सकाळी पोहोचतो हे खरे, पण मी सोलापूरला पोहोचू शकत नाही. मुलीला शाळेत सोडून, चालत जाऊन, दुपारी परत येता येईल असे दुसरे कोणते काम मला या पेठेत मिळणार आहे? मात्र धागालेखकांनाही एक सांगायचे आहे. आमची मजुरी नगावर ठरते, पितृपक्षात हाताला काम नसते, आणि वीस माणसांच्या आतल्या कारखान्याला भविष्य निर्वाह निधीचा कायदा लागूच होत नाही. कारखाना वाचवा म्हणताना यातले काय बदलणार, हेही लिहा.

धागालेखक:
ताई, हा मुद्दा माझ्या लेखनातून निसटला होता, हे मान्य करतो. न्यूयॉर्कबद्दल मला एवढेच म्हणायचे आहे की त्या नियमाने जागा राखली, पण काम आणून दिले नाही. आपल्याकडे काम आहे, फक्त ते वाटण्याची रीत चुकते. राज्याने 2024 मध्ये शाळांच्या मोफत गणवेशांचे काम एकाच ठिकाणाहून करायचे ठरवले, गणवेश मुलांपर्यंत उशिरा पोहोचले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस ते काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे सोपवावे लागले. समितीने जवळच्या कारागिराला काम दिले, तर माप चुकलेला सदरा दुसऱ्या दिवशी दुरुस्त होऊन येतो. अशा कामांच्या आधारावर आठ-दहा जणांनी काजबटणाचे आणि ओव्हरलॉकचे यंत्र एका सामायिक गाळ्यात ठेवावे, अग्निशमनाची सोयही तिथेच एकत्रित करावी.

प्रतिसाद १:
सामायिक गाळ्याला माझी हरकत नाही, पण त्याचे भाडे सवलतीचे असेल तर तो पैसा पुणेकरांच्या करातून जाणार. तेव्हा गाळा देतानाच नगामागची मजुरी दारावर लिहिलेली असावी, हजेरीपट महापालिकेला पाहता यावा आणि कारागिरांचा विमा उतरवलेला असावा. या अटी करारात नसतील, तर माझा विरोध कायम राहील.

प्रतिसाद २:
मजुरी दारावर लिहिणार असाल, तर काजबटणाची वेगळी लिहा. ती नेहमी शिलाईत धरून टाकतात.