‘फाइव्ह स्टार फायनल’ (१९३१): संपादक सारखा हात का धुतो?

चित्रवेडी: काल रात्री हा सिनेमा पाहिला आणि झोपच उडाली. दिग्दर्शक मर्व्हिन लरॉय, संपादक रँडलच्या भूमिकेत एडवर्ड जी. रॉबिन्सन. दोन शंका आहेत. रँडल सारखा हात का धुतो? आणि वीस वर्षांपूर्वीचं, ज्यात बाई निर्दोष सुटली ते खुनाचं प्रकरण खपासाठी उकरून काढणारी वर्तमानपत्रं तेव्हा खरंच होती का? जाणकारांनी सांगावं.

रातपाळी: होती. ज्यांच्या नाटकावरून सिनेमा निघाला ते लुई वाइट्झेनकॉर्न स्वतः न्यूयॉर्कच्या ‘ईव्हनिंग ग्राफिक’चे संपादक होते. १९२४ साली सुरू होऊन १९३२ साली बंद पडलेलं हे टॅब्लॉइड. हवा तो फोटो मिळाला नाही की माणसं उभी करून फोटो काढायचे, त्यावर खऱ्या व्यक्तींचे चेहरे चिकटवायचे आणि छापायचे. वाइट्झेनकॉर्ननी पाहिलेलंच लिहिलंय.

हात धुण्याबद्दल. मी अकरा वर्षं रातपाळीला उपसंपादक होतो. शाई लागते ती छापखान्यातल्या माणसांच्या हाताला, संपादकाच्या नाही. रँडलला हे पक्कं ठाऊक आहे, तरी तो बेसिनपाशी जातोच. जे धुवायचंय ते पाण्याने जात नाही.

पण मला सगळ्यात जास्त लागतो तो टेलिफोनचा प्रसंग. पडद्याचे तीन भाग होतात. मधे नॅन्सी, म्हणजे ती निर्दोष सुटलेली बाई, कानाशी रिसीव्हर, मुलीच्या लग्नाच्या दिवशी छापू नका म्हणून विनवणारी. दोन्ही बाजूंना ऑफिसातली माणसं. एवढ्या जवळ दिसतात, पण मदतीला कुणीच येत नाही. पुढे ती विष घेते.

असा एक फोन मी घेतलाय. रात्रीचे पावणेबारा. एक बाई म्हणाली, नवऱ्याचं नाव तेवढं काढा, मुलं शाळेत जातात. मी म्हटलं, साहेब नाहीत, उद्या करा. पान तेव्हा छपाईला सुटलेलं नव्हतं, माझ्यासमोरच होतं. नाव दुसऱ्या परिच्छेदात होतं, काढायला अर्धं मिनिट लागलं असतं. तो आवाज मला अजून ऐकू येतो. म्हणून हा सिनेमा मी तीनदाच पाहू शकलोय.

जुनी_रिळं: रातपाळी, हे लिहिलंत त्याबद्दल आभार. बोरिस कार्लोफकडेही लक्ष द्या. पाद्र्याचं सोंग घेऊन नॅन्सीच्या घरात शिरणारा बातमीदार तोच. त्याचा ‘फ्रँकेन्स्टाइन’ याच वर्षी, पुढच्या काही महिन्यांत आला, पण मला भीती वाटते ती या बातमीदाराची. शिवाय रँडलची सेक्रेटरी झालेली अलीन मॅकमहॉन, तिचा हा पहिला सिनेमा. त्याला तोंडावर खरं सुनावणारी तीच. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर नामांकन होतं, पुरस्कार ‘ग्रँड हॉटेल’ला गेला.

चित्रवेडी: टेलिफोनचा प्रसंग आत्ता पुन्हा पाहिला. काल मी फक्त नॅन्सीकडे पाहत होते, आज बाजूच्या माणसांकडे पाहिलं. रातपाळी, त्या बाईंचा दुसऱ्या दिवशी फोन आला का?

रातपाळी: नाही. मी संध्याकाळी सहापासून फोनशेजारी बसून होतो.