अमोल पालेकरांचे दिग्दर्शन: सुरुवात कोठून करावी?

प्रश्न (रामबाग, इंदूर)
नमस्कार. आमच्या वाचनगटाने अमोल पालेकरांच्या कारकिर्दीवर तीन बैठका घ्यायचे ठरवले आहे. 'रजनीगंधा' (१९७४), 'चितचोर' आणि 'गोलमाल' (१९७९) सर्वांनी पाहिलेले आहेत. पण नट म्हणून लोकप्रियता असताना १९८१ मध्ये 'आक्रीत' करून ते दिग्दर्शनाकडे का वळले, आणि त्यांचे कोणते चित्रपट आधी पाहावेत, हे जाणकारांनी सांगावे. गटातील तरुण मंडळींना मराठीपेक्षा हिंदी अधिक सवयीची आहे.

उत्तर (लोकमान्यनगर, इंदूर)
पालेकर दिग्दर्शनाकडे वळले ते 'आक्रीत'च्या पुष्कळ आधी. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकलेला हा कलावंत नाट्यदिग्दर्शक सत्यदेव दुबे यांच्यामुळे रंगभूमीवर आला, दुबे यांच्याच 'शांतता! कोर्ट चालू आहे' या चित्रपटात (१९७१) दिसला आणि 'रजनीगंधा' येण्यापूर्वीच, १९७२ मध्ये, 'अनिकेत' ही स्वतःची नाट्यसंस्था काढून नाटके बसवू लागला. दादरच्या छबिलदास शाळेतल्या प्रायोगिक नाट्यचळवळीत वाढलेल्या दिग्दर्शकाने पहिल्या चित्रपटासाठी परभणी जिल्ह्यातील मानवतच्या हत्याकांडाचा विषय आणि विजय तेंडुलकरांची पटकथा निवडावी, यात मला सरळ सातत्य दिसते. साहित्याशी असलेले हे नाते पुढेही सुटले नाही: 'अनकही' खानोलकरांच्या 'कालाय तस्मै नमः' या नाटकावर, 'बनगरवाडी' व्यंकटेश माडगूळकरांच्या कादंबरीवर, 'कैरी' जी. ए. कुलकर्णींच्या कथेवर. वाचनगटाने 'बनगरवाडी'च घ्यावी. कादंबरी छोटी आहे. ती बैठकीत मोठ्याने वाचावी, म्हणजे माणदेशी बोलीची तरुणांना अडचण होणार नाही, आणि मग चित्रपट पाहावा.

उत्तर (लष्कर, ग्वाल्हेर)
वरील मत मान्य आहे, तरी हिंदीची सवय असलेल्यांसाठी मी 'थोडासा रूमानी हो जाएँ' (१९९०) आधी दाखवीन. मूळ अमेरिकन नाटक, चित्रीकरण आपल्या पचमढीचे, आणि बोलता बोलता संवाद गाण्यात शिरतात. इतके धाडस रंगभूमीवर मुरलेला माणूसच करू जाणे. शिवाय ग्वाल्हेरचा राजा मानसिंह तोमर आणि गूजरी राणीची कथा सांगणारी 'मृगनयनी' ही दूरदर्शन मालिकाही त्यांचीच. वृंदावनलाल वर्मांची ती कादंबरी ग्वाल्हेरच्या घराघरांत वाचली गेली आहे, म्हणून तिचा उल्लेख केल्याशिवाय राहवले नाही.

उत्तर (दांडिया बाजार, वडोदरा)
'पहेली' (२००५) ऑस्करसाठी भारताची प्रवेशिका होती, म्हणून ती आपोआप यादीत येईल. मला मात्र तिची वेशभूषा आणि झगमगाट विजयदान देथांच्या कथेवर भारी पडल्यासारखे वाटतात. तिसरी बैठक 'ध्यासपर्व' (२००१) साठी राखावी, असा माझा आग्रह आहे. संततिनियमनासाठी आयुष्य वेचणाऱ्या आणि १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालवणाऱ्या र. धों. कर्व्यांवरचा हा चित्रपट आहे, आणि किशोर कदम यांनी कर्व्यांचा एकाकी हट्ट फार संयमाने उभा केला आहे. स्त्रीला स्वतःच्या देहाविषयी आणि आयुष्याविषयी निवड करता यावी, हा प्रश्न 'पहेली'तही आहेच. 'ध्यासपर्व' पाहून मग 'पहेली' पाहिली, तर तो दागदागिन्यांच्या आड लपत नाही.