मदत हवी आहे: 'द पॅशन ऑफ द ख्राइस्ट' तरुण संघाला दाखवावा का?

जय ख्रिस्त मंडळी. ईस्टरआधीच्या उपवासकाळात आमच्या तरुण संघाला येशूच्या अखेरच्या तासांवरचा मेल गिब्सनचा हा चित्रपट दाखवायचा बेत आहे आणि त्यावरून दोन तट पडलेत. एक काकू म्हणतात, तो पाहिल्यापासून प्रभुभोजनाचा पेला हातात घेताना अंगावर काटा येतो, मुलांनी पाहायलाच हवा. पाळकसाहेबांचं म्हणणं वेगळं: मार्कच्या शुभवर्तमानात येशूला मारलेले फटके जेमतेम एका ओळीत उरकतात, इथे तो प्रसंग संपता संपत नाही, आसूड अक्षरशः मांस ओरबाडतात. यानं भक्ती वाढते की नुसती भीती? मला दोन्ही पटतं, हीच पंचाईत.

२००४ साली अमेरिकेत चर्चनी अख्खे शो बुक केले होते, पण प्रमाणपत्र तिथेही 'आर'च होतं (म्हणजे सतरा वर्षांखालच्यांना मोठ्या माणसासोबतच प्रवेश). २००५ मध्ये काही मिनिटांची हिंसा कापलेली आवृत्ती आली. ती कुणी पाहिलीय का? फटक्यांचा प्रसंग कितपत सौम्य झालाय? आमच्यात नववी-दहावीची मुलंही आहेत हो. शिवाय यहुदी लोकांच्या चित्रणावर तेव्हा बरीच टीका झाली, त्याबद्दल मुलांशी आधी बोलावं की नंतर?

'दाखवू नका' म्हणणार असाल तर कारणही लिहा, बैठकीत मला तेच लागणार आहे.