यलो लॅब माशाची मादी अकरा दिवस काहीच खात नाहीये, तोंडात अंडी आहेत, तिला वेगळं काढू का?

पिवळीमासोळी:
नमस्कार. मी जुळे सोलापूरला राहते, घरी तीन फुटी टँक आहे, त्यात ५ यलो लॅब आणि ३ रेड झेब्रा मासे, दीड वर्ष झालं. अकरा दिवसांपूर्वी सकाळी खायला टाकलं तर सगळे वर आले पण एक मादी दगडामागंच थांबली, तेव्हापासून एक दाणा खाल्ला नाही तिनं, गळा फुगलाय, तोंड घट्ट मिटलेलं आणि मधूनच गुळणी केल्यासारखं तोंड हलवते. दुकानात विचारलं तर म्हणाले गळ्याला इन्फेक्शन असणार, अँटिबायोटिक टाका. औषध आणून ठेवलंय पण टाकायचा धीर होईना. काल रात्री मुलानं खालून मोबाईलचा टॉर्च मारला तर गळ्याच्या कातडीतून केशरी दाणे दिसले, भिजवलेल्या साबुदाण्याएवढे.

दोन महिन्यांपूर्वी पण हिचा गळा असाच फुगला होता आणि सहाव्या दिवशी रिकामा झाला, पिल्लं कुठंच नाहीत. त्या दिवशी मी सगळे दगड उचलून धुतले होते आणि अर्ध्याच्या वर पाणी बदललं होतं. आता आठवलं की लई वाईट वाटतं.

मला विचारायचंय की हिला वेगळ्या टँकमध्ये काढू का, मोठा झेब्रा तिला फार पळवतो. उपाशी मरणार तर नाही ना? आणि नळाला पाणी चार-पाच दिवसाआड येतं, मधे बोअरचं वापरते, त्यानं चहाच्या भांड्याला पांढरा थर बसतो, ते पिल्लांना चालेल का? घरात दुपारी टँकचं पाणी ३१ ला जातं, ते वेगळंच टेन्शन.

अशोकचौक_अण्णा:
ताई, पहिलं म्हणजे ते अँटिबायोटिक टाकू नका. त्यानं फिल्टरमधले चांगले बॅक्टेरिया मरतील, आणि तुमच्या माशाला काही झालेलंच नाहीये. ती आई आहे. मीठ पण नको.

यलो लॅब आफ्रिकेतल्या मलावी सरोवरातला मासा, तिथं खडकात राहणाऱ्या अशा माशांना एमबुना म्हणतात. मादी अंडं टाकते आणि लगेच वळून तोंडात घेते. नराच्या खालच्या पराला अंड्यासारखे ठिपके असतात, मादी ते उचलायला तोंड नेते आणि तेव्हाच नराचं बीज तिच्या तोंडात जातं, अंडी तिथंच फळतात. मग साधारण तीन आठवडे ती तोंड उघडून खात नाही. तुम्ही गुळणी म्हणालात ना, अगदी बरोबर शब्द आहे, ती अंडी तोंडात फिरवत असते म्हणजे सगळ्यांना ताजं पाणी लागतं आणि बुरशी धरत नाही. धडधाकट मादी तीन आठवडे उपाशी काढते, बारीक होते, पोट आत जातं, पण मरत नाही. तिच्यासाठी म्हणून जास्त खायला टाकू नका, पाणी खराब होईल तेवढंच.

आपल्याकडं हे नवीन नाही बघा. उजनीची चिलापी आपण खातो, ती पण आफ्रिकेतनं आलेली, भारतात १९५२ ला आणली, आणि तिची मादीसुद्धा पिल्लं तोंडातच सांभाळते. माझे मामा भीमेवर जाळं टाकायचे, जाळ्यात आलेल्या चिलापीच्या तोंडातनं बारकी पिल्लं टोपलीत पडायची, लहानपणी मला वाटायचं हिनं ती खाल्लीयत. मामा म्हणायचे, खात न्हाई रे, राखूलालीय.

आता काढायचं का. अकराव्या दिवशी मी काढणार नाही. आत्ता हलवलं तर घाबरून थुंकेल नाहीतर गिळेल, मागच्या वेळी तेच झालं असणार. अठराव्या दिवसापर्यंत थांबा, टॉर्च रोज मारू नका, दोन-तीन दिवसांनी एकदा बघा. सोळा-सतराव्या दिवशी गळ्याच्या कातडीतनं बारीक काळे ठिपके दिसायला लागतील, ते पिल्लांचे डोळे. ते दिसले की पुढच्या एक-दोन रात्रीत काढा. लाईट बंद करून तासभर जाऊ द्या, आणि जाळीनं उचलू नका, जाळीत फडफडली की थुंकते. श्रीखंडाचा मोठा डबा पाण्यात बुडवा, हातानं हळू हळू तिला आत ढकला आणि पाण्यासकट उचला. दुसऱ्या टँकमध्ये पाणी याच टँकचं घाला आणि याच फिल्टरमधला जुना स्पंज लावा. तोवर झेब्रासाठी एक करा, टँकमध्ये सांदी वाढवा. आपल्याकडं शहाबादी फरशीचे तुकडे कुठंही पडलेले असतात, चुनखडीचा दगड आहे, मलावीच्या माशाला उलट चांगलाच. सिमेंट लागलेला तुकडा घेऊ नका, ब्रशनं घासून एकावर एक असे लावा की फक्त मादी आत जाईल, झेब्रा अडकेल. ठेवताना हळू, एकाच कोपऱ्यात.

पुण्यातला_सोलापूरकर:
अण्णांचं सगळं मान्य पण मी स्वतः स्ट्रिप करतो. हात ओला करून मादीला पाण्याच्या भांड्यावर धरायची, खालचा जबडा अंगठ्यानं हलकेच खाली करायचा, तोंड पाण्यात बुडवलं की पिल्लं बाहेर येतात. अठराव्या दिवसानंतरच, त्याआधी पिल्लांच्या पोटाला पिवळ्या बलकाची पिशवी असते आणि मग एग टंबलर लागतो, म्हणजे आईच्या तोंडासारखं पाण्यात हलवत ठेवणारं भांडं. फायदा असा की पिल्लं नक्की हातात येतात आणि मादी लगेच खायला लागते. एकदा गिळलेली मादी असेल तर विचार करायला हरकत नाही.

अशोकचौक_अण्णा:
भाऊ, तुमचा हात बसलाय. ताईंनी कधी मासा हातात धरला नसेल, पहिल्यांदाच जबडा उघडायला गेल्या आणि मासा निसटून फरशीवर पडला तर आई पण जाईल. मागच्या वेळी तिनं सहाव्या दिवशी गिळलं, आज अकरावा चालूय. जमतंय तिला. मी इतक्या वर्षांत दोनदाच स्ट्रिप केलं, दोन्ही वेळा मादी अठ्ठावीस दिवस झाले तरी सोडत नव्हती आणि उभं राहायची ताकद उरली नव्हती म्हणून.

पुण्यातला_सोलापूरकर:
हे बरोबर आहे, पहिल्यांदा करणाऱ्यानं नको. ताई, तिला स्वतःच सोडू द्या.

होटगीरोड:
ताई पाण्याबद्दल मी सांगतो कारण माझ्याकडं पण बोअरच आहे. चहाच्या भांड्यावरचा पांढरा थर बघून घाबरू नका, मलावी सरोवराचं पाणीच अल्कलाइन, पीएच साधारण ७.७ ते ८.६ मधे असतो. निऑन टेट्रासारखे मऊ पाण्यातले मासे पाळणारे बोअरमुळं रडतात, आपल्याला ते फुकट मिळतं. फक्त एकदम पाण्याची जात बदलू नका, आज पूर्ण बोअर आणि परवा पूर्ण नळ असं केलं की पिल्लांना झटका बसतो. मी काय करतो, नळाला पाणी आलं की दोनशे लिटरच्या ड्रममध्ये भरतो, त्यात बोअर अर्धं मिसळतो, आत एअर स्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) टाकून दिवसभर ड्रमचं तोंड उघडं ठेवतो म्हणजे क्लोरीन उडून जातो, आणि पुढचे चार दिवस त्यातलंच थोडं थोडं वापरतो. घाई असेल तर अँटिक्लोरीनचे थेंब. पिल्लांच्या टँकला एका वेळी १०-१५ टक्केच बदला, पण दोन दिवसाआड बदला.

३१ डिग्री हे मात्र मनावर घ्या. पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन कमी मावतो, आणि त्या बिचारीचं तोंड भरलेलं, तिला श्वास पण त्या अंड्यांमधूनच घ्यायचाय. टँकचं झाकण काढून मच्छरदाणीचं कापड बांधा आणि टेबल फॅन पाण्याच्या वरून तिरका सोडा, माझ्याकडं दोन-तीन डिग्री उतरतं. पाणी आटेल ते ड्रममधनं भरत राहा. पाणी गरम असलं की अंडी पण लवकर वाढतात, त्यामुळं अठरा दिवस धरून बसू नका, डोळे दिसतात का ते बघा. आणि मे महिन्यात लाईट जाते म्हणून बॅटरीवरचा एअर पंप घेऊन ठेवाच. माझी एकदा दुपारी साडेतीन तास लाईट गेली, मी कामावर, घरी येऊन बघितलं तर सगळे मासे वर येऊन तोंड उघडझाप करत होते आणि तोंडात पिल्लं धरलेल्या मादीनं ती सगळी टाकून दिली होती, खाली बाकीच्यांनी खाल्ली. त्या संध्याकाळी जेवलो नाही मी.

पिवळीमासोळी:
सगळ्यांचे मनापासून आभार. औषध परत दिलं. शहाबादीचे तुकडे शेजारच्या बांधकामावरनं मागून आणले, मुलानं घासून लावले, आणि ती दुसऱ्या दिवशीच खालच्या सांदीत जाऊन बसली, झेब्रा बाहेर फेऱ्या मारतोय पण आत शिरता येईना. फॅननं पाणी २८ वर आलंय.

पिवळीमासोळी:
अपडेट. सतराव्या दिवशी डोळे दिसले. रात्री साडेअकराला श्रीखंडाच्या डब्यानं काढली, एकही पिल्लू सांडलं नाही. विसाव्या दिवशी पहाटे उठून बघते तर स्पंज फिल्टरच्या खाली पिल्लं, एक सेंटिमीटरची पण नसतील, फिक्कट पिवळी, आणि आई त्यांच्यासमोर उभी. मी जवळ गेले तर तिनं तोंड उघडलं आणि चार-पाच पिल्लं परत आत गेली. मी तिथंच खाली बसले. मोजून १७ आहेत. फ्लेक्स चिमटीत चुरून टाकले, लगेच खाल्ले. आर्टेमिया (पिल्लांना खायला बारीक कोळंबीसारखे जीव) पण काढायला लावलाय मुलानं, मिठाच्या पाण्यात बाटली उलटी करून. आईला परत कधी सोडू?

अशोकचौक_अण्णा:
१७ म्हणजे लई छान ताई. पिल्लं सगळी बाहेर राहायला लागली की तिला काढा, पण सरळ मोठ्या टँकमध्ये नको, चार-पाच दिवस एकटीला ठेवून थोडं थोडं खाऊ घाला, अंग भरू दे, नाहीतर आठवड्यात नर परत मागं लागतो. आणि सोडायच्या दिवशी मोठ्या टँकमधल्या दगडांची जागा बदला म्हणजे जुन्या हद्दी मोडतात. पिल्लांना दिवसातनं तीन-चार वेळा, पण चिमूटभरच.

एक गोष्ट विचारायची राहिली. यलो लॅब आणि रेड झेब्रा एकमेकांत मिसळतात, त्यांची पिल्लं दिसायला पिवळीच असतात आणि पुढं लोक यलो लॅब म्हणून देतात, घेतात, जात खराब होते. बाप कोण होता बघितलं होतं का? झेब्रा असेल तर पिल्लं घरीच वाढवा, कुणाला देताना मिश्र आहेत म्हणून स्पष्ट सांगा.

पिवळीमासोळी:
हे माहीतच नव्हतं अण्णा, शेजारच्या दोघींनी आधीच मागितलीयत. पण मुलाच्या मोबाईलमध्ये व्हिडिओ सापडला, ती खायची बंद झाली त्याच्या आदल्या संध्याकाळचा. काळ्या पराचा पिवळा नर आणि ती सपाट दगडावर गोल गोल फिरतायत, आणि झेब्रा जवळ आला की नर त्याला हाकलून परत येतोय. तेव्हा आम्हाला वाटलं भांडतायत.

अशोकचौक_अण्णा:
मग खुशाल द्या. दोन महिन्यांनी, इंचभर झाली की.