डेपनआपोस्ट्रोफ: मधला 'एन' कुठून आला

'डेपनआपोस्ट्रोफ' म्हणजे जर्मनमध्ये नावाला 'चा-ची' दाखवणारा 'एस' लावताना इंग्रजीसारखी मधे घातलेली अपॉस्ट्रॉफी ('), तिला दिलेलं चिडवायचं नाव. कोणीतरी लिहिलंय की या शब्दातलं 'एन' म्हणजे अनेकवचन, म्हणून अर्थ 'मूर्खांची अपॉस्ट्रॉफी'. अर्थ बरोबरच आहे, पण ते 'एन' फक्त अनेकवचनाचं नाही. डेप (मूर्ख) हे जर्मनमधलं दुबळ्या गटातलं नाम, म्हणजे कर्ता एकवचन सोडलं की सगळीकडे डेपनच होतं, एकाच मूर्खाचं म्हणायचं तरी 'देस डेपन'. जोडशब्दात तेच रूप मधे येतं, साधारण आपलं सामान्यरूप होतं ना घोड्याचा म्हणताना, त्याच्या जवळपासचं काहीतरी. आणि डेप मुळात दक्षिणेकडचा, बव्हेरिया-ऑस्ट्रियातला शब्द, 'टापन' म्हणजे चाचपडत, धडपडत चालणं, त्यावरून आलेला, त्यामुळे त्यात मूर्खापेक्षा वेंधळेपणा जास्त आहे असं मला वाटतं.

आता दुसरी गोष्ट. हे चिन्ह दुकानाच्या पाटीवर सरसकट चूक नाहीये! १९९६ च्या नियमांपासूनच 'आंद्रेआ'स ब्लूमेनएके' (आंद्रेआचा फुलांचा कोपरा) चालतं, कारण अपॉस्ट्रॉफी काढली तर दुकान आंद्रेआ बाईंचं की आंद्रेआस नावाच्या पुरुषाचं तेच कळत नाही. २०२४ च्या नियमावलीत तर 'एफा'स ब्लूमेनलाडेन' (एफाचं फुलांचं दुकान) सारखी दुकानाची नावंही मान्य केलीत, पण एफाचा चष्मा असं साधं वाक्यात लिहिताना मात्र अजूनही नाही. मी जर्मन शिकताना वहीत असे कितीतरी लाल गोल घेतलेत, इंग्रजीची सवय हातातून जातच नाही, म्हणून पाटीवाल्यांना डेप म्हणणं मला खरंच पटत नाही.