टॅबवरून रिमोट डेस्कटॉप: बोटानेच चालवायचं की सरळ माउस घ्यायचा?

केळीवाला, रावेर
आमची केळी खरेदी. मी शेतात काट्यापाशी उभा, हिशोबाचा कॉम्प्युटर गावातल्या ऑफिसात. टॅबवरून रिमोट डेस्कटॉपने (लांबचा कॉम्प्युटर टॅबच्या स्क्रीनवर चालवायचं ॲप) जोडून तिथेच पावती करतो. महिनाभर फार त्रास झाला. 'सेव्ह'वर बोट ठेवलं की शेजारचं 'डिलीट' दबायचं. राइट क्लिक तर लागायचंच नाही. जो तो म्हणे, माउस घे.

माझं ठाम मत आहे की दोष टॅबचा नाही, मोडचा आहे. १९२० बाय १०८० ची स्क्रीन १० इंचात बसवली की विंडोजचं साधं बटण जेमतेम ३ मिलिमीटर उंच दिसतं. बोटाचं टोक त्याच्या दुपटीहून मोठं! ॲपमध्ये डायरेक्ट टच (बोट लागेल तिथेच क्लिक) बंद करून माउस पॉइंटर मोड घ्या. मग बोट कुठेही फिरवा, बाण सरकतो. तो बटणावर आला की टॅप करा. दोन बोटांनी टॅप केलं की राइट क्लिक. ॲपमध्येच स्केलिंग वाढवून पुन्हा जोडलं, तर अक्षरंही मोठी दिसतात.

रिपेअरवाला, भुसावळ
भाऊ, मोडवर जाण्याआधी टॅब तपासायला हवा. माझ्याकडे 'रिमोट बिघडलं' म्हणून टॅब येतात आणि बिघाड चार्जरमध्ये निघतो. स्वस्त चार्जर लावलेला असला की स्क्रीनवर आपोआप टच उमटतात, बोटाने ओढलेली रेघ थरथरते. चार्जरची पिन काढा, लगेच थांबतं. अँड्रॉइड असेल तर सेटिंग्जमधल्या बिल्ड नंबरवर सात वेळा टॅप करून डेव्हलपर ऑप्शन्स उघडा, 'पॉइंटर लोकेशन' चालू करा आणि रिमोट बंद ठेवून बोटाने एक सरळ रेघ ओढा. ती मधे तुटली तर दोष टॅबचा. सलग आली तरच रिमोटच्या मागे लागा.

आणि तुम्ही कापणीवर असता, म्हणजे बोटाला केळीचा चीक असणार. तो काचेवर बसला की टच चुकतो. ओलसर सुती फडक्याने पुसा, मग कोरड्याने. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या आसपास जातो, तेव्हा टॅब उन्हात ठेवूच नका.

हिशोबनीस, धुळे
मला दोघांचंही पटत नाही. व्हाउचर एंट्री, म्हणजे व्यवहाराची नोंद, बोटाने करूच नये. टॅलीत (हिशोबाचं सॉफ्टवेअर) F8 दाबलं की विक्री, F9 खरेदी, कंट्रोल-A ने सेव्ह. यात बाण लागतो कुठे? ब्लूटूथ कीबोर्ड घ्या. एकदा माझ्या हाताने रकमेच्या रकान्यात एक शून्य जास्त पडलं, टच दोनदा लागला म्हणून. पार्टीला चुकीचं बिल गेलं. ते निस्तरायला दोन दिवस लागले. तेव्हापासून टॅब मी फक्त बघायला वापरते.

केळीवाला, रावेर
ताई, टेबलावर बसून काम असतं तर मीही तेच केलं असतं. इथे डाव्या हातात टॅब, उजव्या हाताने वजन लिहायचं, मागे गाडी भरतेय. कीबोर्ड ठेवू कुठे? मात्र F8 चं तुमचं बरोबर. ॲपच्या जादा कीच्या पट्टीत F की आहेत, तिकडे मी पाहिलंच नव्हतं.

अमळनेरकर
पलीकडचा कॉम्प्युटर कोणता, हे कुणी विचारलंच नाही. रिमोटमधून खरा मल्टी-टच (एकाच वेळी अनेक बोटांचा स्पर्श) जायला लागला तो विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ नंतर. ऑफिसात विंडोज ७ असेल तर तिकडे बोट पोचतच नाही, फक्त माउसचा क्लिक पोचतो. अशा ठिकाणी डायरेक्ट टचसाठी झगडण्यात अर्थ नाही.

केळीवाला, रावेर
विंडोज ७ च आहे, दादा. म्हणजे पॉइंटर मोडने जमलं ते यामुळेही.

हिशोबनीस, धुळे
पावतीपुरतं मान्य. पण रक्कम टाकल्यावर सेव्हच्या आधी आकडा मोठ्याने वाचा, काट्यावरच्या माणसाला ऐकू जाईल असा. महिन्याचा मेळ मात्र कीबोर्डवरच घाला, त्यात मी मागे हटणार नाही.

केळीवाला, रावेर
उद्या सावद्याला गाडी आहे. चार्जर काढून, काच पुसून, आधी ती रेघ ओढून बघतो.