दरवाजा सुवर्ण गुणोत्तरातच हवा का?

देवगडकर: वडिलोपार्जित जागेत जांभ्याच्या चिऱ्यांचे घर बांधत आहे. आराखडा करणाऱ्या तरुणाचा आग्रह आहे की दर्शनी दरवाजाची उंची आणि रुंदी १.६१८ ला १ अशी, म्हणजे सुवर्ण गुणोत्तरात असावी, कारण अथेन्सचे प्राचीन मंदिर पार्थेनॉन, लिओनार्दोची चित्रे आणि खुद्द मनुष्याचे शरीर याच प्रमाणावर बेतलेले आहे. ७ फूट उंचीला या हिशेबाने रुंदी जवळजवळ ४ फूट ४ इंच येते. आमचे सुतार मेस्त्री मात्र साडेतीन फुटांपुढे जायला तयार नाहीत. या दाव्यात तथ्य किती, हे जाणकारांनी सांगावे.

निवृत्त गणितशिक्षक, रत्नागिरी: गुणोत्तर खरे आहे, त्याच्याभोवतीची कथा बरीचशी मागाहून रचलेली आहे. संपूर्ण रेषेचे तिच्या मोठ्या भागाशी जे प्रमाण, तेच मोठ्या भागाचे लहान भागाशी असावे, ही व्याख्या युक्लिडने दिली. परंतु मानवी देह आणि वास्तू यांत तेच प्रमाण भरून राहिले आहे, हा सिद्धांत जर्मनीतील आडोल्फ त्साइझिंग यांनी १८५४ मध्ये मांडला आणि तिथून तो पसरला. पार्थेनॉनचा चौथरा सुमारे ६९.५ मीटर लांब आणि ३०.९ मीटर रुंद आहे, म्हणजे ९ ला ४; ते २.२५ होते, १.६१८ नव्हे. लिओनार्दोने गणिती पाचोलीच्या याच गुणोत्तरावरील १५०९ सालच्या ग्रंथासाठी घनाकृती काढल्या, हे खरे; पण वर्तुळ आणि चौकोनातल्या त्या प्रसिद्ध पुरुषाच्या चित्रासोबत त्याने लिहिलेली मापे उंचीचा आठवा भाग, दहावा भाग अशी साधी आहेत. हे गुणोत्तर जाणूनबुजून वापरणारा वास्तुकार पाहायचा तर ल कॉर्ब्युझिए पाहावा: त्याच्या मापपद्धतीत माणूस १८३ सेंटिमीटर उंच आणि त्याची बेंबी ११३ वर, म्हणजे भागाकार जवळजवळ १.६२.

निसर्गातला दाखला हवा असेल तर बाजारातून अननस आणून त्याच्या डोळ्यांच्या तिरप्या ओळी मोजाव्यात. एका बाजूने बहुधा ८ आणि दुसऱ्या बाजूने १३ भरतात (१३ ला ८ ने भागल्यास १.६२५), कारण प्रत्येक नवा डोळा आधीच्यापासून साधारण १३७.५ अंशांवर, मोकळ्या जागेत फुटतो. दरवाजा असा वाढत नाही.

गणपतीची शाळा (मूर्तिशाळा), कुडाळ: सरांशी सहमत आहे, तरी आराखडेकाराला अगदीच खोटे पाडू नये. आमच्याकडच्या नवताल पद्धतीत, म्हणजे चेहऱ्याच्या नऊपट देह धरून, मूर्तीची उंची १०८ अंगुळे धरतात: चेहरा १२, गळा ४, तिथून छाती १२, छातीपासून बेंबी १२, त्याखाली १२, मांडी २४, गुडघा ४, पोटरी २४, पाऊल ४. पायापासून बेंबीपर्यंतची उंची ६८ येते आणि १०८ ला ६८ ने भागल्यास १.५८८. जवळ आहे, पण ते नव्हे. हाताखालच्या पोराला मी चेहऱ्याएवढी काडी तोडून देतो. तिने तो सगळा देह मोजतो, दशांश चिन्ह त्याला कधी लागत नाही. (आपल्या गणपतीला मात्र हे माप लावू नये, त्याचे पोट ऐकत नाही.)

देवगडकर: दोघांचेही आभार. काल मेस्त्रींना साडेतीन फुटांचे कारण विचारले. ते म्हणाले, चतुर्थीला पाट धरून दोघे जण आत येतात तेव्हा त्यांची कोपरे चौकटीला घासू नयेत, एवढेच. आणि त्याहून रुंद केले तर पावसाळ्यात झड थेट माजघरात येते. आराखडेकाराने १.६१८ निदान ओटीवरच्या खिडकीला वापरू द्या, अशी विनंती केली. ३ फूट उंचीला ४ फूट १० इंच रुंदी होते; ती मेस्त्रींनी मान्य केली आहे.